जुन्या कारखान्याची जागा : माती तपासण्याचा खर्च कोणाचा?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : किराणा दुकानासाठी जुन्या ड्रायक्लीनरची जागा पाहिली आहे. बँक पर्यावरण अहवाल मागते. तो सरकारी अनुदानातून करून घेता येईल का?

उत्तर : थेट आपल्या नावाने नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, ब्राउनफील्ड (जुन्या वापरामुळे प्रदूषित किंवा तसा संशय असलेल्या जागांसाठीची) अनुदाने स्थानिक व राज्य सरकारे, आदिवासी जमातींची सरकारे आणि नॉनप्रॉफिट संस्था यांनाच मिळतात. मात्र आपल्या टाउनशिपने (म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाने) किंवा काउंटीने असे अनुदान मिळवले असेल, तर त्यातला पैसा मालकाच्या परवानगीने खासगी जागेच्या तपासणीवरही खर्च करता येतो. त्यामुळे पहिली चौकशी टाउनशिपच्या कार्यालयात करावी.

पैसा कोणाचाही असो, तपासणी खरेदीपूर्वीच झाली पाहिजे. १९८०च्या सुपरफंड कायद्यानुसार, प्रदूषण दुसऱ्याने केलेले असले तरी सफाईचा खर्च आजच्या मालकाकडून वसूल होऊ शकतो. २००२च्या दुरुस्तीने प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिले खरे, पण त्याने व्यवहाराआधी रीतसर चौकशी केलेली असेल तरच. आणि त्या चौकशीतील मुलाखती, स्थळपाहणी व सरकारी नोंदींचा शोध हे भाग खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतले असावे लागतात. किमतीची घासाघीस लांबली की हा अवधी सहज उलटतो आणि भाग नव्याने करावे लागतात. शिवाय न्यू जर्सीच्या कायद्याखालचे संरक्षण हवे असेल, तर राज्याच्या नियमांनुसार वेगळी प्राथमिक तपासणी लागते. दोन्ही कामे एकाच सल्लागाराकडून एकदमच करून घ्यावीत.

प्रश्न (त्याच वाचकाचा) : या तपासणीत नेमके काय होते?

उत्तर : पहिल्या टप्प्यात मातीला हातही लावत नाहीत. जुने विमा नकाशे, हवाई छायाचित्रे आणि शहराच्या निर्देशिका चाळून त्या जागेवर पूर्वी काय चालत होते हे शोधतात, मग जागा पाहतात. ड्रायक्लीनरच्या बाबतीत अनुभवी माणूस आधी मागच्या खोलीत जातो आणि यंत्राजवळची जमिनीतली मोरी व फरशीच्या भेगा पाहतो. तिथे कपडे स्वच्छ करायला वापरले जाणारे पर्क्लोरोएथिलीन हे रसायन पाण्याहून जड असते; ते काँक्रीटमधून झिरपून भूजलाच्याही खाली उतरते आणि त्याची वाफ वरच्या इमारतीत येते. असा संशय नोंदला गेला की दुसऱ्या टप्प्यात माती, भूजल आणि फरशीखालच्या हवेचे नमुने घेतात. खरा खर्च इथे होतो, आणि सार्वजनिक पैशाची गरजही इथेच भासते, कारण जी जागा अजून आपली नाही तिच्यात भोके पाडण्यासाठी खिशातून पैसे घालायला कोणी धजत नाही.

प्रश्न (जर्सी सिटी) : आमच्या मंडळाला सभागृहासाठी एक पडीक भूखंड देणगी म्हणून मिळत आहे. आम्ही अर्ज करू शकतो का?

उत्तर : मंडळाची नोंदणी अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून, असेल तर होय; २०१८च्या कायद्याने अशा संस्थांना मूल्यमापन (म्हणजे जागेच्या तपासणीच्या) अनुदानाची दारे उघडली. पण ही स्पर्धा चुरशीची असते आणि अर्जाचे काम मोठे असते. एकाच भूखंडासाठी ईपीएच्या न्यूयॉर्क येथील विभागीय कार्यालयाकडे ‘टार्गेटेड ब्राउनफील्ड्स असेसमेंट’ मागणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यात हाती रोख रक्कम येत नाही; ईपीएचा कंत्राटदार येऊन तपासणी करून देतो. दानपत्रावर मात्र तोवर सही करू नये, कारण फुकटची जमीनही मालकीच्या जबाबदारीसह येते. आपल्या शहराबद्दल तर हे विशेष सांगावे लागते : क्रोमियम कारखान्यांचा टाकाऊ माल आपल्या हडसन काउंटीत वर्षानुवर्षे भराव म्हणून वापरला गेला, आणि काही तळघरांच्या भिंतींवर त्याचे हिरवट-पिवळे स्फटिक फुटलेले आढळले.

प्रश्न (अंबरनाथ) : बंद रासायनिक कारखान्याच्या जागी गृहसंकुल येणार आहे. भारतात अशी काही सोय आहे का?

उत्तर : अमेरिकेसारखे अनुदान नाही. जुलै २०२५च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागा कळवते, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक मूल्यमापन आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करते. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. त्याच्याकडून तो मिळाला नाही तर केंद्र व राज्याने सोय करायची. मोठी उणीव अशी, की या नियमांची सुरुवात संशयापासून होते, पुनर्विकासाच्या प्रस्तावापासून नव्हे. तेव्हा बांधकाम परवानगीपूर्वीच नगरपालिका, जिल्हाधिकारी कार्यालय व मंडळाला लेखी निवेदन द्यावे. कारखान्यात काय तयार होत असे आणि सांडपाण्याच्या टाक्या कुठे होत्या, हे जुन्या कामगारांना विचारून त्यात नोंदवावे, आणि निवेदनाची पोच जपून ठेवावी.