मूळ संच राहिला नाही, तरी तिकीट काढायचं का?

यावेळी गंमत झाली, तीन पत्रं जवळपास एकाच विषयावर आली आणि तिन्ही नाशिकचीच. त्यामुळे बाकीच्यांना (गिटार क्लासची फी, सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर वगैरे) पुढच्या अंकात उत्तर देते, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सातपूरला राहतो, वय ४६, अंबडला शिफ्टची नोकरी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी आणि माझा मित्र इंडियन ओशनच्या पार नादी लागलो होतो, ‘कंदिसा’ची कॅसेट इतकी वाजवली की रीळ बाहेर आली आणि पेन्सिल घालून गुंडाळून परत वाजवली. पुढे पुण्यात एकदा त्यांना लाइव्ह ऐकलं, असीमदा तबला वाजवत वाजवत गात होता आणि आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत होतो. तो गेल्याचं पेपरात वाचलं आणि त्यानंतर या बँडचं नवीन काही ऐकलंच नाही, मुद्दाम असं नाही पण हातच जाईना. आता भाचीने मुंबईच्या शोची दोन तिकिटं काढलीत, म्हणते मामा चल. रडू येईल याची भीती नाही हो, भीती उलटी आहे. तिथे जाऊन काहीच वाटलं नाही तर?
— एक वाचक, सातपूर

उत्तर: दादा, भाचीने स्वतःच्या पैशांनी मामासाठी तिकीट काढलंय, ते वाया घालवायचं नसतं, हे आधी सांगून टाकते. जा.

आणि काहीच वाटलं नाही तर, म्हणताय ना? पहिली दोन गाणी खरंच काही वाटणार नाही, लिहून देते. मी असीम चक्रवर्ती गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांना ऐकलं तेव्हा सुरुवातीचा सगळा वेळ नुसती मोजदाद करत होते, हा कोण, तो कुठे, आधी इथे काय होतं. बास गिटारवरचा राहुल राम काय बोलला, कशावर लोक हसले, काही ऐकलं नाही. डोळे तबल्याच्या कोपऱ्यात अडकलेले. तिथे तुहीन चक्रवर्ती बसला होता आणि दोन गाण्यांच्या मध्ये तबला सुरात आणायला हातोडीने गठ्ठे ठोकत होता, अगदी शांतपणे, हजार लोक समोर आहेत याचं त्याला काही नाही. ती टकटक ऐकली आणि मग जरा माझं डोकं थांबलं.

तुम्ही मधली बरीच वर्षं ऐकलं नाहीये म्हणून थोडं सांगते. असीमदा २५ डिसेंबर २००९ ला दिल्लीत गेला, हार्ट अटॅक. १९९० मध्ये सुरू झालेला बँड, सुष्मित सेनबरोबर तो पहिल्यापासून त्यात. त्याच्या जागी एक माणूस आणून भागलं नाही, दोघं घ्यावे लागले, तबल्याला तुहीन आणि गायला हिमांशू जोशी. मला त्यांची ही गोष्ट फार आवडते, तसाच वाजवणारा आणि तसाच गाणारा डुप्लिकेट असीम शोधत बसले नाहीत. पुढे २०१३ मध्ये सुष्मितही बाहेर पडला आणि गिटारला निखिल राव आला. म्हणजे तुम्ही पुण्यात पाहिलेल्या चौघांपैकी आता राहुल राम आणि ड्रम्सवरचा अमित किलम हे दोघंच उरलेत, हे आधीच माहीत असू द्या, तिथे जाऊन धक्का नको.

आमच्या आजोळी, सिन्नरजवळ, भजनी मंडळात पखवाजाला एक अण्णा होते. ते गेले त्यानंतरच्या एकादशीला पखवाजच नव्हता, नुसते टाळ आणि वीणा, आणि सगळे चुकत होते, कारण लय अण्णांच्या हातात होती आणि हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांचा पुतण्या बसायला लागला. तो पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायचा कणकेचा गोळा जरा जास्तच थापायचा, त्यामुळे डावी बाजू नुसती धुम्म धुम्म, शिवाय लय पळवायचा, म्हातारे टाळकरी घामाघूम. मामा दर एकादशीला घरी येऊन म्हणायचा, अण्णांची सर नाही. दोनेक वर्षांनी म्हणायचा बंद झाला, पुतण्या सुधारला का मामाचा कान बदलला देव जाणे. पण अजूनही मधेच पुतण्याने एखादी उठान (सुरुवातीची जोरकस उचल) अगदी अण्णांसारखी घेतली की मामा टाळ धरलेला हात तसाच ठेवून एकदम गप्प होतो. एवढंच, दोन सेकंद.

तुमचंही असंच होईल बहुतेक, आणि कुठल्या गाण्यात होईल ते मी सांगू शकत नाही. ‘कंदिसा’मध्ये होईल म्हणून टपून बसाल तर तिथे नक्की होणार नाही. माझं झालं ‘मा रेवा’ला. नर्मदेचं गाणं, राहुल राम स्वतः नर्मदा आंदोलनात काही वर्षं खोऱ्यात राहून काम केलेला माणूस, आणि माझ्या शेजारची कॉलेजातली पोरं, असीम कोण हे माहीतही नसेल त्यांना, ती ते गाणं पाठ म्हणत होती. तिथे माझा बांध फुटला, आणि रुमाल घरी.

जाण्याआधी एक करा, गाडीत जुनी कॅसेट लावू नका (टेपरेकॉर्डर शिल्लक असला तर). त्याऐवजी ‘१६/३३० खजूर रोड’ ऐका, २०१० चा अल्बम. नाव म्हणजे करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते प्रॅक्टिस करायचे तिथला पत्ता. असीमदाचं शेवटचं रेकॉर्डिंग त्यात आहे आणि तो गेल्यावर ती गाणी त्यांनी एकेक करून इंटरनेटवर फुकट दिली होती. तुमची यादी २००९ ला थांबलीय ना, तिला हा एक दुवा जोडा आणि मग जा.

आणि हो, तो कॅसेटवाला मित्र कुठे असतो ते तुम्ही लिहिलंच नाहीये. असेल तर त्याला फोन करा की.

प्रश्न: मुख्य माणूस मेला की बँडने नाव बदललं पाहिजे, नाहीतर ही सरळ फसवणूक आहे असं माझं मत. यावरून रूममेटशी जाम वाजलंय, तो लिंकिन पार्कचा फॅन आहे आणि आता बोलत नाही. कोण बरोबर?
— विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर: अरे, आधी त्याला एक मिसळ खाऊ घाल. मग भांडा.

एकच वर्ष घे, १९८०. फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला आणि जुलैत यांचा नव्या गायकासोबतचा अल्बम दुकानात, ‘बॅक इन ब्लॅक’, मुखपृष्ठ पूर्ण काळं कारण सुतक, सुरुवातीला घंटेचे टोल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला आणि डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की बस, आता नाही. २००७ ला लंडनमध्ये एका रात्रीपुरते परत आले तेव्हा ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता. आता यातलं कोण खरं आणि कोण खोटं? मला तर दोन्ही पटतं. आणि वर सिन्नरच्या पुतण्याचं लिहिलंय ते वाच, एसी/डीसीत गिटारवाला माल्कम यंग आजारी पडून २०१४ मध्ये बाहेर गेला तेव्हा त्याच्या जागी बसलेला स्टीवी यंग हा त्याचा पुतण्याच. २०१७ ला माल्कम गेला, पुतण्या अजून वाजवतोय.

आपण तर शिरवाडकरांच्या गावात राहतो रे. ‘नटसम्राट’ १९७० ला रंगमंचावर आलं, लागूंनी बेलवलकर केला, मग दत्ताराम, सतीश दुभाषी, आणखी कितीजण, नाटकाचं नाव बदला असं कुणी म्हटलं का? लोक फक्त म्हणायचे, मी मूळ संचातलं पाहिलंय, आणि जरा कॉलर ताठ करायचे. माझी मागणी एवढीच आहे की पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत खाली कलाकारांची नावं छापतात ना, तशी रॉक शोच्या पोस्टरवरही संच छापा, आज कोण वाजवणार ते स्पष्ट लिहा. मग ज्याला यायचं तो येईल. लपवलं तर फसवणूक, तिथे मी तुझ्या बाजूने.

लिंकिन पार्कने लपवलं नाही. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ ला गेला, सात वर्षं थांबले, मग २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन आले. बाई गायला आणली म्हटल्यावर निदान तो चेस्टरची नक्कल करायचा प्रयत्न तरी नाही. तुझा रूममेट इथे जिंकला. लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडमध्ये मात्र मार्च २०२३ ला गॅरी रॉसिंग्टन गेल्यापासून सुरुवातीचं कुणीच उरलेलं नाही आणि नाव तेच, मी काही त्याचं तिकीट काढणार नाही. पण हे माझं झालं.

माझी स्वतःची जखम रोलिंग स्टोन्सची आहे. ७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, मी फार मागे होते आणि खरं सांगायचं तर पडद्यावरच पाहिलं, पण पडद्यावर त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्सचे हात मोठे दिसायचे. स्नेअरवर (समोरचा छोटा ड्रम) डाव्या हाताचा ठोका पडायच्या क्षणी हाय-हॅटवरचा (झांजांची जोडी) उजवा हात उचलून घ्यायचा, दर वेळी, जणू वाट देतोय. चेहरा असा की बँकेच्या रांगेत उभाय. २४ ऑगस्ट २०२१ ला तो गेला, ८० वर्षांचा होता, आणि महिन्याभराने सेंट लुईसला टूर सुरू. मला आधी फार राग आला. मग कळलं की आजारपणात आपल्या जागी स्टीव्ह जॉर्डनला बसवा असं चार्लीनेच ठरवलेलं. शोची सुरुवात म्हणे रिकाम्या स्टेजने, नुसता ड्रमचा ठेका आणि पडद्यावर चार्लीचे फोटो. ठीक आहे म्हटलं. राग थोडा आहे अजून.

प्रश्न: आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या, मुंबईला रॉक शोला जायचंय. रात्री नाशिकला परत कसं यायचं? मुलं म्हणतात राहा तिकडे, पण हॉटेलचे दर बघितलेत का!
— गंगापूर रोड

उत्तर: बघितलेत. उघड्या मैदानावर लाउडस्पीकरला दहापर्यंतच परवानगी असते त्यामुळे शो वेळेत आटपतो, पण गेटमधून बाहेर पडायलाच पाऊण तास धरा. पंचवटी संध्याकाळीच सुटते, तिचा उपयोग नाही. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीचं रिझर्वेशन मिळत असेल तर आत्ताच करा, नाहीतर चौघींत गाडी करा, समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ पासून सुरू झालाय, कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगा टळतात. शेवटची कसारा लोकल धरून पुढे शेअर टॅक्सी हा उद्योग विशीत ठीक होता.

पायात सपाट चपला, कानात घालायला फोमचे बोळे (मेडिकलमध्ये मिळतात, स्पीकरसमोर उभं राहणार असाल तर घालाच), आणि ड्रायव्हरशी गप्पा मारायला एकीने जागं राहायचं, पाळी आधीच ठरवा. घोटीला चहा घ्या, तोपर्यंत कान वाजायचे थांबले असतील.