दुकान सांभाळून नगरसेवक व्हायचंय? नाशिककरांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

छोट्या व्यावसायिकांचे हिशोब, जीएसटी, आणि निवडणूक आली की उमेदवारांच्या खर्चाची खाती, हे माझं रोजचं काम. जानेवारी 2026 ची महापालिका निवडणूक झाल्यापासून दुकानदार मंडळींचे प्रश्न यायचे थांबतच नाहीयेत. त्याआधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 ला झालेली, मग मार्च 2022 पासून प्रशासक, एवढ्या वर्षांत रस्ते खोदले गेले, गटारी तुंबल्या आणि तक्रार घेऊन जायचं कुणाकडे तेच कळत नव्हतं, त्यामुळे आता बऱ्याच जणांच्या मनात आलंय की पुढच्या वेळी आपणच उभं राहू. मला हे मनापासून आवडतं. दिवसभर रस्त्याला तोंड करून बसणाऱ्या माणसाला वॉर्ड जेवढा कळतो तेवढा कुणालाच कळत नाही. फक्त धंद्याचा पैसा आणि पालिकेचं काम यांची सरमिसळ व्हायला नको, आणि ती काळजी आधीपासून घ्यावी लागते. निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न : इंदिरानगरला किराणा दुकान आहे, वीस वर्षं झाली, सगळे ओळखतात. पुढच्या वेळी अपक्ष उभं राहायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

ओळख आहे ही मोठी गोष्ट आहे दादा, पण ती किती लांबपर्यंत आहे ते आधी बघा. आपल्याकडे 122 नगरसेवक आणि प्रभाग फक्त 31, त्यातले 29 प्रभाग चार सदस्यांचे आणि उरलेले दोन प्रभाग तीन सदस्यांचे. म्हणजे एकेका प्रभागात हजारोंच्या संख्येने मतदार, आणि तुमचं गिऱ्हाईक असतं चार-पाच गल्ल्यांतलं. शिवाय मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं, त्यामुळे लोक पॅनल, म्हणजे एका पक्षाचे सगळे उमेदवार, बघून बटणं दाबत जातात आणि एकट्या अपक्षाचा तिथे घाम निघतो. अशक्य नाही, पण अवघड आहे हे धरून चला. दुसरं म्हणजे आरक्षण. निम्म्या जागा महिलांना, शिवाय बाकीची आरक्षणं, आणि सोडत निघेपर्यंत तुमची जागा खुली राहणार की नाही हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मात्र नाव शहराच्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत असलं तरी दुसऱ्या प्रभागातून उभं राहता येतं, हे खूप जणांना माहितीच नसतं.

सुरुवात कुठून, तर बॅनरपासून नाही. तुमच्या दुकानासमोरचा रस्ता शेवटचा कधी झाला? माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. त्यात त्या कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती आणि दोष दायित्व कालावधी मागा. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं तो दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि हे गल्लीतल्या कुणाला माहीत नसल्यामुळे तोच खड्डा पुन्हा आपल्याच घरपट्टीतून बुजवला जातो. तो कागद हातात घेऊन पालिकेच्या विभागीय कार्यालयात जा, सोबत शेजारचे दोन दुकानदार न्या. सिंहस्थाच्या निमित्तानं शहरात कामं सुरू आहेत, त्यामुळे विचारायला विषय कमी पडणार नाहीत. पद नसताना हे ज्यानं दोन-तीन वर्षं नेटानं केलं त्याला पक्षवाले स्वतःहून फोन करतात, हे मी बघितलंय.

प्रश्न : अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पालिकेच्या एका ठेकेदाराला चेंबरची झाकणं आणि जाळ्या बनवून देतो. थेट पालिकेचं काम नाही. उभं राहताना अडचण येईल का? मित्र म्हणतात फर्म बायकोच्या नावावर कर.

येऊ शकते, आणि बायकोच्या नावावर करून ती जाईल या भरवशावर अजिबात राहू नका.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 मध्ये लिहिलंय की पालिकेशी झालेल्या करारात किंवा पालिकेच्या कामात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध असेल तो अपात्र. सगळा वाद त्या 'अप्रत्यक्ष' शब्दावर होतो. तुम्ही म्हणाल मी ठेकेदाराला माल विकला, त्यानं तो कुठे लावला याच्याशी माझा काय संबंध, आणि तुमच्या बिलावर नुसतं 'एम.एस. जाळी, नग अमुक' एवढंच असेल, दर बाजाराचा असेल, तोच माल तुम्ही इतरांनाही देत असाल तर या म्हणण्यात दम आहे. पण बिलावर पालिकेच्या कामाचं नाव आणि प्रभाग क्रमांक आहे, पेमेंट ठेकेदाराचं रनिंग बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणारं बिल) निघालं की मगच येतं, कधी नफ्यातही टक्का आहे, असं असेल तर विरोधी उमेदवाराचा वकील तुमचं बँक स्टेटमेंट पुढे ठेवणार आणि तुम्ही उत्तर शोधत बसणार. बायकोच्या नावावर फर्म, पण करंट अकाउंटवर सही तुमची, कामगारांचा पगार तुम्ही देता, जागा तुमची, हे कोर्टात कितपत टिकेल ते तुम्हीच बघा. आणि समजा टिकलं, तरी उद्या सभागृहात त्याच ठेकेदाराच्या कामावर तुम्ही कुठल्या तोंडानं बोलणार?

माझा सल्ला, निवडणुकीच्या वर्षभर आधी असं काम घेणं बंद करा, येणं वसूल करून खातं निल करा, ठेकेदाराकडून हिशोब पूर्ण झाल्याचं पत्र घ्या आणि मग वकिलाला सगळे कागद दाखवा. हा नियम फक्त अर्ज भरण्यापुरता नाही, निवडून आल्यावर असा हितसंबंध तयार झाला तरी पद जातं. पालिकेच्या गाळ्यात भाडेकरू असलेल्यांचेही फोन येतात, त्यांनी घाबरू नये, जागेच्या भाडेकराराला त्याच कलमात सूट आहे. भाडं मात्र थकवू नका.

प्रश्न : कॉलेज रोडला नाश्त्याचं हॉटेल आहे. पुढच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीसमोर मोकळी सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड आहे, सगळ्यांचीच आहे. थोडी घरपट्टीही बाकी आहे. उभं राहताना अडचण येईल का?

सगळ्यांची असली तरी अर्ज सगळे भरणार नाहीयेत, तुम्ही भरणार आहात. नगरसेवकानं स्वतः, जोडीदारानं किंवा अवलंबून असलेल्यानं अनधिकृत बांधकाम केलं तर पद रद्द होण्याची तरतूद कायद्यात आहे. आज तक्रार नाही म्हणून शेड उभी आहे, तुम्ही निवडून आलात की दुसऱ्या दिवशी तिचा फोटो पालिकेत पोचेल. नियमात बसत असेल तर रीतसर परवानगी घ्या, नाहीतर आत्ताच काढून टाका. चार टेबलं कमी होतील, होऊ द्या.

थकबाकीचं असं आहे की आयुक्तांची विशेष नोटीस आल्यावर तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर अपात्रता येते. तिथपर्यंत जाऊच नका. घरपट्टी, पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला काढून फाइलला लावा. आणि सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलांमुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर जात असेल तर तेही आधीच तपासा, नंतर धावपळ करून उपयोग नसतो.

प्रश्न : पंचवटीत माझी स्वतःची प्रिंटिंग प्रेस आहे. मी उमेदवार असेन तर माझी पत्रकं फुकटच छापली जाणार ना? आणि निवडणुकीच्या काळात दुकानात माझा फोटो लावून डिस्काउंटची स्कीम चालेल का?

फुकट काही नाही. तुमच्याच मशिनवर छापलं तरी कागद, शाई, मजुरी धरून बाजारभावानं ते तुमच्या निवडणूक खर्चात दाखवावं लागतं. प्रेसमधली पोरं प्रचाराला नेलीत तर त्यांची रोजीही त्यात आली. साधा मार्ग सांगतो, प्रेसच्या नावानं उमेदवाराला रीतसर बिल फाडा आणि निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या बँक खात्यातून ते चुकतं करा. प्रत्येक पत्रकावर मुद्रक, प्रकाशक यांचं नाव-पत्ता आणि प्रतींची संख्या छापायलाच हवी, हे तुम्हाला सांगायला नको, पण घाईत घरचंच काम म्हणून तेवढीच ओळ राहून जाते.

डिस्काउंटची स्कीम नको. मतदाराला आमिष दाखवल्याची तक्रार व्हायला तेवढं पुरे आहे.

प्रश्न : नाशिकरोडला माझं टेलरिंगचं दुकान आहे. महिला आरक्षण पडलं तर उभं राहावं असं सगळे म्हणतात. मिस्टर म्हणतात तू फक्त सही कर, बाकी मी बघतो. काय करू?

ताई, उभ्या राहा, पण सही करण्यापुरत्या नाही. दुकान तुम्ही चालवता, कापड घेणं, उधारी वसूल करणं, कारागीर सांभाळणं हे सगळं तुम्हाला जमतं, मग पालिकेचं बजेट वाचणं का जमणार नाही? आणि सहीची जबाबदारी कायद्यानं तुमचीच असते, उद्या शपथपत्रात मालमत्ता चुकीची दाखवली असं निघालं तर नोटीस तुमच्या नावानं येईल. मिस्टरांना सांगा, मदतच करायची तर संध्याकाळी दोन तास दुकानात बसा. खरी मदत तीच आहे, कारण नगरसेवकाच्या मानधनावर घर चालत नाही आणि दुकान बंद पडून चालणार नाही. सभेला स्वतः जा, अधिकाऱ्याला फोन स्वतः करा.

प्रश्न : जानेवारीत अपक्ष लढलो, पडलो. खर्चाचा हिशोब दिलेला नाही. हरलेल्यालाही द्यावा लागतो का?

द्यावाच लागतो. जिंकलेला असो, पडलेला असो, डिपॉझिट गेलेलं असो, निकालापासून 30 दिवसांत हिशोब द्यायचा असतो. निकाल 16 जानेवारीला लागला, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यालाच मुदत संपली. हिशोब दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. या तीन वर्षांत पोटनिवडणूक लागली तरी तुम्ही बाहेरच.

तरी हातपाय गाळू नका. बिलं, पावत्या, निवडणूक खात्याचं स्टेटमेंट आणि रोजच्या खर्चाची नोंदवही गोळा करा, उशीर का झाला ते खरं खरं लिहा, आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद जोडा, आणि सगळं जमा करून पोच घ्या. नोटीस आली तर तारखेला स्वतः हजर राहा, कारण सबळ असेल तर त्याचा विचार होतो. गाडीचं भाडं किंवा मंडपाचं एखादं बिल हरवलं असेल तर त्या माणसाकडे जाऊन दुसरी प्रत मागा, नवीन बिल बनवू नका. या आठवड्यातच करून टाका.