तिसऱ्या पानाच्या तळाशी असलेली ओळ

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीटला ३६२ मार्क पडले, एमबीबीएस हुकलं, म्हणून नाइलाजानं इकडे घातलं. आता फोनवर रडते. तिनं पोस्टिंगला (वॉर्डातल्या ड्युटीला) दांड्या मारून गुपचूप नीटचा रिपीटर क्लास करावा का? थोडी फी भरून ठेवली आहे. नर्सिंगनंतर ब्रिज कोर्स करून डॉक्टर होता येतं म्हणतात, ते खरं का?
– एक आई, सोलापूर जिल्हा

ताई, नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. पहिली दोन नीटच्या मार्कांवर, मग जावेच्या मुलीचं एमबीबीएस, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ : ‘परवा वॉर्डात कुणीतरी गेलं म्हणून दोन दिवस धड जेवली नाही, मी म्हटलं हे आपलं कामच नाही.’ चौथ्या पानावर लगेच क्लासची फी.

मी त्या ओळीपाशीच थांबलो.

वॉर्डात माणूस गेला की डॉक्टर कागदावर वेळ लिहून पुढं जातात. मागं नर्स उरते. त्या कामाला ‘लास्ट ऑफिस’ म्हणतात. नळ्या, कॅथेटर काढायचं, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, नावाची चिठ्ठी लावायची. पडद्यापलीकडे नातेवाइकांचा आक्रोश चाललेला असतो. ज्याचं सकाळी टेंपरेचर-पल्स चार्टवर लिहिलं, त्याचंच हे करायचं. मग केलेल्या कामांची नोंद असते त्या प्रोसिजर बुकवर सही घ्यायची आणि पुढच्या बेडकडे जायचं. तुमच्या लेकीनं यातलं काही केलं, की नुसतं पाहिलं, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारलंच नाही. कोण गेलं, बाई की बाप्या, म्हातारं की लेकरू, पत्रात काहीच नाही.

त्या वयात असं पाहून जेवण गेलं तर ती पोरगी या कामाला नालायक ठरत नाही. मला तर ज्यांना काहीच वाटत नाही त्यांची धास्ती वाटते. आणि डॉक्टर झाली असती तर तिच्यासमोर कुणी मरणार नव्हतं का? तिच्या रडण्याचा अर्थ तुम्ही तुम्हाला हवा तसा लावलात. रागावू नका, पण पत्र तसंच आहे.

आता गुपचूप क्लासचं. हे होणार नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी वॉर्डातले तास पूर्ण शंभर टक्के भरावे लागतात. म्हणजे आज मारलेली दांडी उद्या भरून द्यायचीच, तीही मैत्रिणी सुटून घरी गेल्यावर. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या देखभालीचा आराखडा लिहिणं, त्यात चोरून फिजिक्स! दोन्हीकडून जाईल. नीट तिला स्वतःला पुन्हा द्यायची असेल तर उघडपणे देऊ दे. वयाची वरची अट २०२२ मध्येच गेली आहे, त्यामुळे घाई कसलीच नाही.

ब्रिज कोर्सचा गैरसमज मात्र पुरता काढून टाका, कारण प्रवेशाच्या वेळी तो विकला जातो. ब्रिज कोर्स नावाचं काहीतरी खरंच होतं, म्हणून लोक फसतात. तो सहा महिन्यांचा, सामुदायिक आरोग्याचा. नर्सिंग किंवा आयुर्वेद झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून घेण्यासाठी. बरं काम आहे, पण त्यानं कुणी एमबीबीएस होत नाही. ‘पोस्ट बेसिक’ ऐकलं असेल, तर ते जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांना बीएस्सी मिळवण्यासाठी. नर्सिंगमधून एमबीबीएसच्या मधल्या वर्षात उडी मारायची वाट भारतात नाही. डॉक्टर व्हायचं तर नीट, आणि पहिलं वर्ष पहिल्यापासून.

पुढच्या वाटा तुम्ही विचारल्या नाहीत, म्हणून एका दमात : एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, राज्याची सरकारी भरती, एमएस्सी, जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत नेली तर जर्मनी. केंद्राच्या नोकरीत नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. खासगीचं चित्र वाईट आहे, ते लपवत नाही. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानंही नर्सला महिना किमान २०,००० द्यावेत, अशी शिफारस केंद्राच्या समितीनं २०१६ मध्ये केली. ती किती ठिकाणी पाळली जाते, ते कुठल्याही लहान नर्सिंग होममधल्या सिस्टरला विचारा. तुम्हाला काळजीच करायची असेल तर ही करा. तिला धरून बसलात तर मी तुमच्या बाजूला आहे. जावेच्या मुलीला धरून बसलात तर नाही.

या रविवारी हॉस्टेलवर जाऊन या. डबा न्या, नीटचं पुस्तक नको. त्या वॉर्डातल्या माणसाबद्दल विचारा आणि ती बोलेल तेवढं ऐका, मध्ये ‘आपलं काम नाही’ म्हणू नका. त्यानंतरही तिला सोडायचंच असेल तर मला पत्र तिनं लिहावं, तुम्ही नाही. मी उत्तर देईन.

आणि क्लासकडे फी परत मागा. पावती असेलच.