साडेसातची रोझरी

प्रिय पोरी,

रविवारी मराठी मिस्सा सुटल्यावर बेळगावच्या फातिमा कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर तू मला गाठलंस. "अंकल, रोज मणी ओढत मरियेची रोझरी म्हणते, पण आत काही हलतच नाही. मग हे ढोंगच झालं की नाही?" आणि मी काय म्हणालो? "होईल गं सगळं नीट." असलं उत्तर बस सुटताना खिडकीतून देतात. कॅम्पातून घरी येईपर्यंत ते मलाच टोचत राहिलं. म्हणून मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठकोरी पानं घेऊन बसलोय.

बाकीचं तुझ्या आईकडून कळलंय. कानडीच्या पेपरात अडकलेली ती परीक्षा, बेंगळूरच्या खाजगी नोकरीचं आलेलं बोलावणं, आईचं "घरीच रहा, अजून एक नऊ दिवसांची नोव्हेना कर". आणि तू? तू म्हणे देवाच्या खुणेची वाट बघतेस. दोन महिने झाले. खूण आली की ठरवणार.

देव आहे की नाही, प्रार्थना करावी की नाही, हे तुला सांगत बसणार नाही. ते तुझं-माझं आधीच ठरलंय, नाहीतर तू मला त्या पायऱ्यांवर अडवलं नसतंस. मला एकच सांगायचंय आणि तेच तेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी. आजचं आज. रोझरी आजची आज, काम आजचं आज, आणि देवावरचा विश्वाससुद्धा आजच्यापुरताच. उद्याचा साठा करायला गेलीस की सगळं नासतं.

मी कुठल्या धर्मग्रंथाच्या वर्गात हे शिकलो नाही. उद्यमबागेत शिकलो. फाउंड्रीत एकतीस वर्षं काढली, त्यातली पहिली सहा वाळूत. साच्याची वाळू तू पाहिली नसशील. काळी, ओलसर, हातात घेतली की गार लागते. मशीनमध्ये माती-पाणी घालून मळायची, पाणी तीन-चार टक्के, त्याहून जास्त नाही. माझा मेस्त्री मूठभर वाळू घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायचा. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तळव्यावर उभा राहिला पाहिजे, आणि मधोमध मोडला तर कडा स्वच्छ मोडल्या पाहिजेत. भुगा झाला तर परत मळा. रोज सकाळी पहिलं काम हेच. एकदा मी शहाणपणा केला. संध्याकाळी उद्याचे बारा साचे भरून ठेवले, म्हटलं सकाळी आयता धातूचा रस ओतू. रात्रीत वरची वाळू सुकली, कडा ठिसूळ झाल्या, रस आत शिरताना वाळूचे कण घेऊन गेला. बाराच्या बारा कास्टिंग भोकांची. मेस्त्रीनं शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, "काल भरलेला साचा आज ओतायचा नसतो रे."

पुढं कितीतरी वर्षांनी बायबलातल्या निर्गमचा सोळावा अध्याय मिस्सेत वाचला गेला तेव्हा मी बाकावर हसलो, बायकोनं कोपर मारलं. रानात मान्ना, म्हणजे आकाशातून आलेलं अन्न, पडतो, देव सांगतो रोजच्यापुरता गोळा करा. काही शहाणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात आणि सकाळी त्यात किडे पडलेले असतात. त्यांनी पण साचे भरून ठेवले होते बघ.

तुझी आजी "आमच्या बापा" कोंकणीत म्हणायची, आठवतं? "आमचो दिसपट्टो गिरास आमकां आज दी." शाळेत तू मराठीत शिकलीस, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." मला कोंकणीतला शब्द जास्त आवडतो. गिरास म्हणजे घास. भाकरीसुद्धा नाही मागायची, घास मागायचा. तू मात्र देवाकडं पुढच्या तीस वर्षांचं रेशनकार्ड मागतेस आणि ते मिळेना म्हणून रोझरीला ढोंग म्हणतेस.

रागावलो. थोडं थांबतो.

आत काही हलत नाही, हे मला कळतं. कोणाचं रोज हलतं? ज्या मरियामाऊलीच्या नावाच्या कॅथेड्रलमध्ये आपण जातो, तिच्या त्या तीन पोरांचं काय? पोर्तुगालातल्या फातिमाची ल्यूसिया, फ्रान्सिस्को, जसिंता. मेंढरं राखायची, खेळायची घाई. म्हणून रोझरीत पूर्ण प्रार्थना म्हणायचीच नाहीत, नुसतं "नमो मारिया, नमो मारिया" म्हणत मणी ओढायची आणि शेवटी "आमच्या बापा" एवढे दोन शब्द. पाच मिनिटांत मोकळी. हे ल्यूसियानंच पुढं सांगून ठेवलंय. अशा पोरांपुढं ती माऊली १९१७ मध्ये मे ते ऑक्टोबर सहा वेळा प्रकट झाली आणि सहाही वेळा म्हणाली, रोज रोझरी म्हणा. रोज म्हणाली. भावनेनं भरून म्हणा असं काही म्हटल्याचं मी तरी कुठं वाचलं नाही. आणि फ्रान्समधल्या लिझ्यूची संत, छोटी तेरेझा, प्रार्थनेत चक्क झोपायची, सात-सात वर्षं. म्हणायची, झोपलेलं लेकरूही आईबापाला तेवढंच आवडतं. १८९७ मध्ये गेली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तुझंही आता चोवीसावं चालू आहे ना?

तू बसतेस, जीभ हलवतेस, मन बेंगळूरला जातं, परत येतं. ती प्रार्थनाच आहे. बस म्हणजे झालं.

आता माझं सांगतो. हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

माझे पप्पा खानापूरला कौलांच्या कारखान्यात होते. संध्याकाळी साडेसातला आमच्या पडवीत रोझरी. आजारी असो, पाहुणे असोत, साडेसात. पहिलं अर्धं ते म्हणणार, "नमान मरिये", आणि दुसरं अर्धं आम्ही सगळे, "भागेवंत मरिये". शेवटी एकेकानं मोठ्यांपुढं जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचा. मला तेव्हा ते जाच वाटायचं. मग मी मोठा झालो, फाउंड्रीत बऱ्यापैकी जम बसला, आणि डोक्यात आलं की स्वतःची शेड टाकायची. १९९४ साली जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष दर्शनाला ठेवले होते. मी अनमोड घाटातून बसनं गेलो, तासन् तास रांगेत उभा राहिलो आणि देवाशी सौदा केला. एवढी एक ऑर्डर लागू दे, जन्मभर रोज मिस्सेला येईन.

ऑर्डर लागली! मी खूण समजलो. माल गेला, पैसे आलेच नाहीत. पार्टीनं हात वर केले. शेड गेली, बायकोच्या बांगड्या गेल्या, आणि मी परत दुसऱ्याच्या फाउंड्रीत वाळू मळायला लागलो. म्हणून तुला सांगतो, खुणेचं मला कौतुक सांगू नकोस. मला खूण मिळाली होती.

त्यानंतर मी रागानं रोझरी सोडली. घरात तोपर्यंत पप्पा आणि मीच उरलो होतो, आई गेलेली, बायको बाळंतपणाला माहेरी. साडेसातला ते पडवीत बसायचे आणि मी अंगणात सायकल पुसत उभा. मुद्दाम. ते "नमान मरिये" म्हणायचे, अर्ध्यावर थांबायचे. माझ्यासाठी जागा ठेवायचे. दोन-तीन श्वास. मी बोलत नाही म्हटल्यावर "भागेवंत मरिये" तेच म्हणायचे. त्रेपन्न वेळा. रोज. मला एका शब्दानं बोलले नाहीत. १९९८ च्या पावसात ते गेले. मातीच्या दुसऱ्या दिवशी साडेसातला मी पडवीत बसलो आणि दोन्ही अर्धी मीच म्हटली. आत काही हललं का विचारशील. नाही हललं. पाठ दुखली, डास चावले. पण दुसऱ्या दिवशी परत बसलो.

तेव्हापासून साडेसात चुकवलेली नाही. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. माझा मुलगा दुबईला निघाला त्या रात्री मुंबईची बस साडेआठची होती. घरात बॅगा, नातेवाईक, रडारड. साडेसात वाजले, मी बसलो. तो दारात उभा राहून म्हणाला, "पप्पा, आज तरी?" मी मान हलवली नाही. बसपर्यंत वेळेत पोहोचलो, पण तो वाटेत एक शब्द बोलला नाही, आणि अजून फोनवर मधूनच ते काढतो. मी चुकलो नाही. एक दिवस सोडला की दुसरा सोपा जातो, हे मला सायकल पुसताना कळलंय, त्याला नाही. आणि त्याच्यासाठीच तर म्हणत होतो. तरी… त्याला शेजारी बसवून दोघांनी अर्धी-अर्धी म्हटली असती तर चाललं असतं. हे मला त्या रात्री सुचलं नाही. असो.

तुझ्या कानडीकडं येतो, कारण आईला वाटतं हा देवाचा विषय नाही. संत जुझे वाझ तुला माहीत आहे, २०१५ साली पोपनं कोलंबोत जाऊन त्यांना संतपद दिलं. आपल्या शेजारच्या गोव्याचा माणूस, १६५१ चा जन्म. १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले, तिथं डच सत्तेत कॅथलिकांना धर्मगुरू उरला नव्हता. कँडीच्या राजानं पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं. तिथं त्यांनी काय केलं? प्रार्थना केली, होय. आणि सिंहली शिकले. तुरुंगात! सुटका कधी, होईल की नाही, काही माहीत नाही, तरी आजची अक्षरं आज. त्याच भाषेत मग लोकांना प्रार्थना शिकवल्या. तू तर टिळकवाडीत बसून कानडी शिकायची आहेस. सीमाभागातल्या आपल्या लोकांना कानडी म्हटलं की मान ताठ होते, माझीही होते, खोटं कशाला सांगू. मराठीची मान ताठ ठेव की, पण रोज एक पान कानडी लिही. दोन नोव्हेना केल्यास म्हणजे अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत कानडीची किती पानं लिहिलीस? शून्य, असं आई म्हणाली.

नोव्हेनाला नावं ठेवत नाही. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर मरिया आणि शिष्य माडीवरच्या खोलीत नऊ दिवस थांबले, तिथूनच ती आली. पण त्यांना काय येणार आहे हे धड ठाऊक नव्हतं. ते मिळून बसले, एवढंच. मी सौदा केला, तूही तेच करतेस, फक्त माझ्यासारखी घाटातून बस धरून गेली नाहीस.

बेंगळूरला जा की राहा, ते मी सांगणार नाही. आई मला बोलेल म्हणून नव्हे, मला खरंच ठाऊक नाही. पण त्यांनी उत्तराची तारीख दिली असेल ना? त्या तारखेला उत्तर दे. वेळ संपेपर्यंत गप्प बसणं आणि मग "देवाची इच्छा नव्हती" म्हणणं, याला मी विश्वास म्हणत नाही. गेलीस तर तिथं साडेसात ठरव. ऑफिस उशिरा सुटत असेल तर साडेनऊ. बसमध्ये पाच मणी, चालेल. कानात गाणी घालतेस तिथं रोझरी घाल, तेही चालेल. फक्त आजची उद्यावर टाकू नकोस. आणि एकदा टाकलीसच तर दोन्ही दिवसांची मिळून म्हणत बसू नकोस, कालची गेली. आजची म्हण.

तू शेवटी विचारलं होतंस, देव ऐकतो हे मला कसं कळतं. त्यावर मी नुसता हसलो होतो. कळत नाही गं. पप्पांना कळत होतं का, तेही मी कधी विचारलं नाही. अंगणातूनच ऐकत राहिलो.

नाताळात तुझ्या आईनं दोदोल दिलेला स्टीलचा डबा अजून आमच्याकडंच आहे. बुधवारी न्यायला ये, कानडीची वही घेऊन. शेजारच्या अक्का शाळेत कानडी शिकवायच्या, त्यांना सांगून ठेवलंय. सातला ये म्हणजे चहा होईल. साडेसातला आली तर चहा नाही, सरळ पडवीत बसायचं. दुसरं अर्धं म्हणायला हल्ली बायको एकटीच असते, आणि तिचा घसा बसलाय.

तुझा अंकल