दहा गिगचा स्विच आणि चार टक्क्यांची पॉलिसी

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम, घराच्याच खालच्या मजल्यावर स्टुडिओ, एडिटिंगला स्वतः आणि पगारी एक मुलगा. वर्षाला १८ लाखांचा धंदा, सगळा खर्च जाऊन हातात ७-८ लाख. घरी बायको, ७ वर्षांची मुलगी आणि आई. होम लोन अजून २४ लाख बाकी. फुटेज सगळं चार डिस्कच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर असतं, कॉपीला फार वेळ जातो, म्हणून नेटवर्कवाल्याने कोटेशन दिलंय: ८ पोर्टचा १० गिगचा (सेकंदाला १० गिगाबिट वेगाचा) मॅनेज्ड स्विच, म्हणजे सगळी मशीन एकमेकांना जोडणारा डबा, नॅसला आणि दोन पीसींना नेटवर्कची कार्डं, सगळी नवीन कॅट ६ए वायरिंग, मिळून १ लाख ४४ हजार आणि वर जीएसटी, म्हणजे १ लाख ७० हजार. दुसरा पर्याय २.५ गिगचा. विचारतायत की १० चा घेऊ का २.५ चा, आणि त्यासाठी १६ टक्क्यांनी तीन वर्षांचं बिझनेस लोन काढलं तर चालेल का. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं एक वाक्य, "सेव्हिंगला सव्वा लाख आहेत सर, पण ते पुढच्या महिन्यात पॉलिसीच्या हप्त्याला लागतात, त्याला हात लावता येत नाही."

स्विचचं आधी उरकून टाकतो, कारण ते सोपं आहे. २.५ चा घ्या.

का, तर तुम्हाला १० गिगचा वेग मिळणारच नाहीये, स्विच कितीचाही घेतलात तरी. आमच्या ऑफिसचं नेटवर्क बघणाऱ्या मुलाला तुमचं कोटेशन दाखवलं, त्याने पहिला प्रश्न विचारला की कॉपी कुठून कुठे होते. तुम्हीच लिहिलंय, कॅमेऱ्याच्या कार्डावरून नॅसवर, एका लग्नाचं साधारण २०० जीबी. तुमची कार्डं यूएचएस-१ आहेत, ती सेकंदाला ९० एमबीच्या आसपास वाचली जातात, म्हणजे २०० जीबीला ३५-४० मिनिटं. तुमचं आत्ताचं १ गिगचं नेटवर्क सेकंदाला ११० एमबी नेतं. म्हणजे अडतंय ते कार्डापाशी, नेटवर्कपाशी नाही, आणि १ लाख ७० हजार खर्चून या कामात एक मिनिटसुद्धा वाचत नाही. जिथे फरक पडेल ते म्हणजे नॅसवरूनच थेट एडिट करताना. तिथे २.५ गिगला सेकंदाला २८० एमबी मिळतात, तुमच्या चार डिस्क मिळून ४०० च्या आसपास देतील, दोघं एकदम बसलात तरी तेवढ्यातच वाटून घ्यायचंय. १० गिगला हजाराच्या वर जातं खरं, पण डिस्क ते देणार कुठून?

आता एक अडचण आहे जी नेटवर्कवाल्याने सांगितली नाही, किंवा त्याला सांगायची नव्हती. तुमच्या नॅसला मागे दोनच पोर्ट आहेत आणि दोन्ही १ गिगचे. नुसता स्विच बदलला तर काहीच बदलत नाही, आणि तो म्हणाला तसे दोन पोर्ट जोडून दोन गिग हे एका कॉपीला मिळत नाहीत, एक कॉपी एकाच पोर्टवरून जाते. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॉवरच्या सॉकेटवर दोन स्क्रूंची एक पत्र्याची पट्टी दिसते, तो कार्डाचा स्लॉट आहे. तिथे १० गिगचं एक कार्ड बसवा, स्विच असा घ्या की ज्याला ८ पोर्ट २.५ चे आणि एक-दोन पोर्ट १० चे एसएफपी प्लस (वेगळ्या खाचेचे) आहेत, नॅस आणि स्विच त्या खाचेत बसणाऱ्या तयार डीएसी केबलने जोडा. दोन्ही पीसींचे मदरबोर्ड नंबर तुम्ही दिलेत, दोन्हीवर २.५ चा पोर्ट आहेच, वेगळी कार्डं नकोत. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) वगैरे तुम्हाला लागत नाही, मग असली सेटिंग करता येणारा मॅनेज्ड कशाला. सगळं मिळून २५ हजार, फार तर २८.

वायरिंगही बदलू नका. २.५ गिग चांगल्या कॅट ५ई वरसुद्धा १०० मीटर चालतं, तुमची कॅट ६ आहे आणि सगळ्यात लांब ओढ २५ मीटरची. फक्त एक बघा, केबलचं एक टोक सोलून आतली बारीक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे, कॅट ६ म्हणून सर्रास विकतात, तेवढी मात्र बदलायची.

हे झालं. आता तुम्ही न विचारलेलं.

तुमच्याकडे सव्वा लाख आहेत. सामान २५ हजारांचं आहे. तरी तुम्ही १६ टक्क्यांनी लोन काढायला निघालाय, का तर पॉलिसीचा हप्ता. १ लाख ७० हजारांचं लोन म्हणजे महिना ६ हजार, तीन वर्षांत २ लाख १५ हजार, ४५ हजार नुसतं व्याज. आणि हा ६ हजारांचा हप्ता चातुर्मासातही जाणार, जेव्हा तुमच्याकडे मुंज नाही की लग्न नाही, तेव्हा काय करायचं हे पत्रात कुठेच नाही. उलट "स्पीड वाढला की महिन्याला दोन लग्नं जास्त घेता येतील" असं लिहिलंय. अहो, लग्नं मुहूर्तावर ठरतात, तुमच्या स्विचवर नाही. सीझनला एकाच तारखेला तीन फोन येतात आणि दोन तुम्ही सोडता, ते कॅमेरामन कमी पडतात म्हणून, कॉपी हळू होते म्हणून नाही.

तर ती पॉलिसी. २०२२ मध्ये होम लोनच्या फाईलसोबत बँकेतल्या मॅडमनी "एफडीपेक्षा चांगली, गॅरंटीड, पैसे डबल" म्हणून दिली. लोन मंजूर व्हायचं होतं, तुम्ही सही केली, असे शेकड्याने लोक सह्या करतात. वर्षाला १ लाख २० हजार, १२ वर्षं भरायचे, २० वर्षांनी २६ लाख हमखास, विमा १२ लाखांचा. चार हप्ते भरून झालेत, पाचवा आता.

१४ लाख ४० हजार भरून २६ लाख, म्हणजे डबलच्या जवळपास, खोटं काहीच नाही, फक्त २० वर्षं लागतात हे हळू आवाजात सांगितलं जातं. याचा परतावा वर्षाला चार टक्के आणि वर थोडंसं. तिकडे १६ टक्क्यांनी घ्यायचे आणि इकडे चारने लावायचे, हे तुम्ही करताय, आणि वर याला बचत म्हणताय.

आता तुम्हाला कुणीही सांगेल की सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घ्या, आणि मोकळे व्हा. मी तसं म्हणत नाही, जरा आकडे बघा. चार हप्त्यांचे ४ लाख ८० हजार गेलेत, सरेंडर केलं तर कमीत कमी निम्मे, म्हणजे २ लाख ४० हजार मिळतील, कंपनी थोडे जास्तही देईल. पेड-अप केली, म्हणजे पुढे काही भरायचं नाही आणि पॉलिसी तशीच पडू द्यायची, तर तुम्ही पाठवलेल्या पानावरच्या अटीप्रमाणे बारातले चार हप्ते भरलेत म्हणून २६ लाखांचा एक तृतीयांश, साधारण ८ लाख ६५ हजार, १६ वर्षांनी. २ लाख ४० हजारांचे १६ वर्षांत ८ लाख ६५ हजार म्हणजे आठ टक्क्यांच्या वर, तेही हमीचे, मग ते कशाला मोडायचे? गेलेलं नुकसान सरेंडर करून परत येत नाही, उलट पक्कं होतं.

आणि चालू ठेवली तर? अजून आठ हप्ते, ९ लाख ६० हजार, त्याबदल्यात वरचे १७ लाख ३५ हजार. या नव्या पैशावर परतावा पाच टक्क्यांच्याही आत. तेच १ लाख २० हजार आठ वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि तितकीच वर्षं ठेवले तर आजच्या ७.१ टक्क्यांनी २३ लाखांच्या जवळ जातात. साडेपाच लाखांचा फरक, तोही शेअर बाजाराचं नाव न घेता. म्हणून सरेंडर नाही, चालू नाही, पेड-अप. कंपनीकडून पेड-अपचा आणि सरेंडरचा आकडा लेखी मागवा मात्र, मी धरलेला आठ टक्क्यांचा हिशोब त्यांच्या आकड्यावर पुन्हा करून बघा, कंपनीने सरेंडरला साडेतीन लाखांच्या वर दिले तर माझं म्हणणं बदलेल.

पण थांबा, पेड-अप लगेच करायची नाही, कारण दुसरी चूक याहून मोठी आहे. तुम्ही लिहिता, "१२ लाखांचा विमा पण आहे, म्हणजे ती बाजू कव्हर आहे." २४ लाखांचं होम लोन आहे, १२ लाखांनी काय कव्हर झालं? तुम्ही उद्या नसलात तर स्टुडिओ बंद, कारण धंदा तुमच्या नावावर आणि तुमच्या हातावर चालतो, बँक घरावर येणार, आणि वहिनींच्या हातात १२ लाख आणि एक नॅस. पेड-अप केल्यावर तर १२ चे ४ लाख होतात. म्हणून आधी १ कोटीची साधी टर्म पॉलिसी घ्या, साठीपर्यंतची, ज्यात जिवंत राहिलात तर एक रुपया परत मिळत नाही तीच. "प्रीमियम परत" वाली दाखवतील, नको म्हणा. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगरेट नसेल तर वर्षाला १५ ते २० हजार, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढेल, वाढू दे, क्लेम नाकारला जाण्यापेक्षा बरं. आणि धंद्याची देणी असणाऱ्या माणसाने ही पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्यावी, फॉर्म भरतानाच तो पर्याय असतो, नंतर मिळत नाही. मग ज्यांचं देणं आहे ते त्या पैशाला हात लावू शकत नाहीत.

२० हजार टर्मला गेले आणि उरलेला १ लाख दरवर्षी पीपीएफला गेला तरी शेवटी १९ लाख होतात, पॉलिसी चालू ठेवून मिळणाऱ्या १७ लाख ३५ हजारांपेक्षा जास्तच, आणि वर १ कोटीचा विमा. ही बेरीज बँकेतल्या मॅडमना दाखवा, काय म्हणतात ते मला कळवा.

पहिल्या वर्षी पीपीएफसुद्धा नको. २५ हजार सामानाला, २० टर्मला, १२-१५ हजारांची एक मोठी बाहेरची डिस्क आणा आणि दर आठवड्याला नॅसची कॉपी तिच्यावर काढून ती वरच्या मजल्यावर ठेवा. एक डिस्क गेली तरी नॅस चालतो हे ठीक आहे, पण शॉर्ट सर्किटला किंवा व्हायरसला चारही एकदम जातात, आणि त्या नवरा-नवरीला परत उभं करता येत नाही. उरलेले ६०-६५ हजार एफडीत, चातुर्मासासाठी. सीझन संपला की त्यात भर घाला, चार महिन्यांचा घरखर्च होईपर्यंत दुसरीकडे कुठेही गुंतवू नका. एसआयपीचं विचारलं नाहीत म्हणून सांगतो, तुमच्यासारख्या आषाढात कोरड्या पडणाऱ्या धंद्याला दर महिन्याची एसआयपी जमत नाही, सीझननंतर एकदम टाकायचे.

राहिलं टॅक्स. नेटवर्कवाला म्हणाला म्हणे, "१८ टक्के जीएसटी परत मिळतो, ४० टक्के घसारा मिळतो, साहेब, तुम्हाला निम्म्यातच पडतं." तुमची जीएसटी नोंदणी नाही, सेवेला २० लाखांची मर्यादा आहे आणि तुम्ही १८ वर आहात, मग क्रेडिट कुठलं? २६ हजार जीएसटी पूर्ण तुमच्या खिशातून. आणि रिटर्न तुम्ही ज्याला सगळे ४४एडी म्हणतात त्या ठोक योजनेत भरता, धंद्याच्या सहा-आठ टक्के नफा दाखवून. त्यात घसारा आधीच धरलेला असतो, तुम्ही स्विच घ्या नाही तर क्रेन घ्या, टॅक्स एक रुपयाने कमी होत नाही. टॅक्स वाचतो म्हणून सामान विकणाऱ्याला एकदा विचारत चला की बाबा, माझं रिटर्न तू बघितलंस का.

बँकेच्या विरोधात तक्रार करायची असेल तर विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल आहे, पण चार वर्षांनी, तुमच्या सहीच्या कागदावर, हातात मेसेज किंवा मेल काही नसताना, माझ्या मते त्यात वेळ घालवू नका. तुमच्या बहिणीलाही त्याच शाखेने असंच काही दिलंय असं लिहिलंय. तिची पॉलिसी दोन महिन्यांपूर्वीची असेल तर फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागायचे, ३० दिवस गेले, पण "एफडी आहे" असं सांगितलेला व्हॉट्सअॅप तिच्याकडे असेल तर तिने आजच तक्रार करावी, तिचं प्रकरण तुमच्यापेक्षा मजबूत आहे.

तारखा नीट बघा. हप्ता पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आहे, वर्षाच्या हप्त्याला वर ३० दिवस सवलतीचे मिळतात, तोपर्यंत १२ लाखांचा विमा चालू राहतो. टर्मचा फॉर्म याच आठवड्यात भरलात तर मेडिकल होऊन पॉलिसी हातात यायला तेवढा वेळ पुरतो. ती हातात आली की मगच जुनी थांबवायची. काही कारणाने मेडिकलमध्ये अडलं आणि टर्म नाकारली, तर हा हप्ता भरून टाका आणि मला परत लिहा. आणि ऑटो-डेबिट १२ तारखेच्या आधी शाखेत जाऊन लेखी बंद करा, पोच घ्या. खातं त्याच बँकेत आहे, सव्वा लाख त्यातच पडलेत, आणि मॅडम "एवढा एक हप्ता जाऊ दे" म्हणतील.