वाचकांचे प्रश्न: लंडनचा उन्हाळा, उभ्या तिकिटाने

मुलांकडे लंडनला निघालेल्या आईवडिलांची पत्रं या महिन्यात बरीच आली. सगळ्यांचा सूर एक: बिग बेन, राजवाडा, टॉवर ब्रिज पहिल्या आठवड्यात आटोपतं, मग रात्री साडेनऊपर्यंत मावळायला तयार नसलेल्या दिवसाचं करायचं काय? मी मूळची मिरजेची. उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्र-रात्र गाणं ऐकत वाढले आणि आता हॅरोत एका हिशोबाच्या कचेरीत काम करते. लंडनच्या उन्हाळ्याबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरं एकतर्फी का आहेत ते कळेल: या शहरात चांगलं ते ऐकायचं-बघायचं असेल तर शक्य तिथे उभ्याचं तिकीट काढा. पैसे वाचतात हे खरंच, पण आजूबाजूची माणसंही जास्त चांगली मिळतात.

प्रश्न: आम्ही दोघं सोलापूरचे. भजन आणि नाट्यसंगीत हा आमचा प्रांत. मुलगा 'प्रॉम्स'ला चला म्हणतो. पाश्चात्त्य संगीतातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. जावं का?

जावंच. मुळात प्रॉम्स, म्हणजे इथला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा उन्हाळी महोत्सव, सुरू झाले ते तुमच्यासारख्यांसाठीच. १८९५ साली रॉबर्ट न्यूमन नावाच्या व्यवस्थापकाच्या डोक्यात आलं की उन्हाळ्यात स्वस्त तिकिटं लावायची, लोकांना उभं राहू द्यायचं, खाऊ-पिऊ द्यायचं, आधी ओळखीचं ऐकवायचं आणि हळूहळू अवघडाकडे न्यायचं. एका शिलिंगात प्रवेश. पैसा लावला जॉर्ज कॅथकार्ट या कानघशाच्या डॉक्टरने, आणि त्याच्या अटी फार मजेशीर होत्या. एक, वाद्यवृंदाचं संचालन, म्हणजे समोर उभं राहून हाताच्या खुणांनी सगळ्यांना चालवणं, हेन्री वुड या तरुणानेच करायचं. दुसरी, वाद्यांचा सूर खाली आणायचा, कारण इंग्लंडातल्या तेव्हाच्या चढ्या पट्टीने गायकांचे गळे बिघडतात. पट्टीपायी गायकाची काय दशा होते ते नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांना मी सांगायला नको.

हे सगळं क्वीन्स हॉलमध्ये चालायचं. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बाँबने तो हॉल जळाला आणि प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आले, ते आजपर्यंत तिथेच आहेत. १९२७ पासून कारभार बीबीसीकडे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आठ आठवडे, जवळजवळ रोज कार्यक्रम. दर कार्यक्रमाला हजाराच्या आसपास उभ्याच्या जागा असतात, आणि गेल्या काही हंगामांत त्यांची किंमत आठ पौंड आहे. ही तिकिटं त्याच दिवशी विक्रीला येतात, म्हणून मुलाला सकाळी फोन हातात घेऊन बसायला सांगा.

उभं राहायचं दोन ठिकाणी. एक म्हणजे खाली, अगदी वाद्यवृंदासमोर. तिथून व्हायोलिनवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि मागच्या महागड्या खुर्च्यांतली माणसं तुमच्या डोक्यांवरून बघत असतात. दुसरी जागा अगदी वर, गॅलरीत. अल्बर्ट हॉलचा घुमट मोठा, तिथे आवाज इतका घुमायचा की संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळणारी ही एकच जागा, अशी थट्टा चालायची. १९६९ मध्ये छताला मोठमोठ्या तबकड्या टांगल्या तेव्हा ते सुधारलं. मान वर केलीत की त्या दिसतीलच.

कोणता कार्यक्रम निवडायचा? ज्यात पियानो, व्हायोलिन किंवा चेलो यांपैकी एक वाद्य पुढे आणि बाकीचा ताफा त्याच्या साथीला, असा. कान लावायला एक धागा मिळतो. आदल्या दिवशी तीच रचना घरी एकदा लावून ऐका. आपण मैफलीला जाताना राग माहीत असतो, चीजही बऱ्याचदा माहीत असते, म्हणून रंगतो. इथे कोऱ्या पाटीने जाऊन 'कळलं नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

आणि आपलं संगीत या मंचाला नवखं नाही. इमरत खाँ साहेबांनी १९७१ मध्ये प्रॉम्समध्ये राग वाजवला. लतादीदींनी १९७४ मध्ये याच अल्बर्ट हॉलमध्ये गायलं, आणि २०२३ च्या प्रॉम्समध्ये त्यांच्या गाण्यांची एक अख्खी संध्याकाळ झाली. तुमच्या उन्हाळ्यात तसं काही असेल तर पहिला दिवस तो लावा. पण फक्त तेवढंच ऐकून परत येऊ नका.

प्रश्न: तुम्ही सगळ्यांना उभं करता. माझ्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. नागपूरहून एवढ्या लांब येऊन मी काय दारात बसू?

काकू, तुमचा राग मान्य. तुमच्यासाठी नियम बदलते. अल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंदाच्या पाठीमागे गायकवृंदाची बाकं असतात. ज्या दिवशी गायकवृंद नसतो त्या दिवशी ती प्रेक्षकांना विकतात. तिथून संचालकाचा चेहरा समोरून दिसतो. बाकी हॉलला दिसते त्याची पाठ, तुम्हाला दिसतं तो कुणाकडे डोळे वटारतो आणि कुणाकडे बघून हसतो ते. तोटा एवढाच की नगारे आणि पितळी वाद्यं जरा जास्तच कानावर येतात. 'अर्धवट दिसणारी जागा' असं लिहिलेलं स्वस्त तिकीट मात्र घेऊ नका, समोर खांब किंवा कठडा येतो.

वरच्या गॅलरीत लोक चक्क चादर अंथरून बसतात, आडवेही होतात. मला तर ती मिरजेची बैठक वाटते. पण जमिनीवरून उठायला त्रास होत असेल तर बाकंच बरी.

शिवाय हॉलंड पार्कमध्ये उन्हाळ्यात ऑपेरा असतो. वर मोठं छत, बाजू मोकळ्या, बसायला खुर्च्या. त्या बागेत मोर आहेत, आणि नायिका प्राण सोडत असताना ते नेमके केकाटतात. गाणारे थांबत नाहीत.

प्रश्न: मध्ये 'वा' म्हटलं तर हाकलून देतात का? (पुण्याहून, अर्थातच.)

हाकलत नाहीत, पण 'वा' गिळायला शिका. सिम्फनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचे, बहुधा चार भाग असतात, आणि प्रथा अशी की चारही संपेपर्यंत टाळी नाही. मधल्या शांततेत लोक दाबून ठेवलेला खोकला खोकून घेतात. प्रॉम्समध्ये नवखे श्रोते पुष्कळ, त्यामुळे पहिल्या भागानंतर टाळ्या पडतातच, आणि कुणी वळून रागाने बघत नाही. खूण सोपी आहे: संचालकाचे हात वर आहेत तोवर संपलेलं नाही, मग आवाज बंद का होईना. हात खाली आले की वाजवा, मनसोक्त वाजवा.

समेवर मान हलवायला मात्र कुणाची बंदी नाही. शेजारच्या गोऱ्या आजोबांची हलत असते.

उभ्यांचे स्वतःचे काही रिवाज आहेत. मंचावर पियानोचं झाकण उचलताना खालचे लोक एका सुरात 'हीव्ह' ओरडतात आणि वरच्या गॅलरीतून 'हो' येतो; ओझं उचलताना द्यायची ही इंग्रजी आरोळी. मध्यंतरानंतर तेच लोक एका आवाजात जाहीर करतात की संगीतासाठी काम करणाऱ्या संस्थांना आतापर्यंत किती देणगी जमली. बाहेर पडताना बादलीत एक नाणं टाका.

प्रश्न: प्रॉम्सच्या शेवटच्या रात्रीचं तिकीट कसं मिळवायचं?

बहुतेक तिकिटं हंगामातल्या इतर कार्यक्रमांची तिकिटं घेणाऱ्यांनाच आधी मिळतात, उरलेल्यांवर झुंबड. खरं सांगू? टीव्हीवर बघा. उत्तरार्धात झेंडे, शिट्ट्या आणि 'रूल ब्रिटानिया' असतं. लाटांवर राज्य करण्याचं ते गाणं म्हणताना आपल्या ओठांचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. २०२० मध्ये बीबीसीने ते शब्दांविना नुसतं वाजवायचं ठरवलं तर एवढा गदारोळ झाला की निर्णय फिरवावा लागला. आधीच्या आठ आठवड्यांत त्याहून कितीतरी चांगलं ऐकायला मिळतं.

प्रश्न: मी कुडाळचा निवृत्त कलाशिक्षक. मुलीकडे जून-जुलैत असेन. रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनात हौशी माणसाचं चित्र लागतं असं ऐकलं. खरं का? आणि ते बघण्यासारखं असतं का?

सर, दोन्ही खरं. पिकॅडिलीवरच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये हे प्रदर्शन भरतं. १७६९ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही, महायुद्धांतही नाही. चित्र कुणीही पाठवू शकतं, नामवंत असो की निवृत्त. प्रत्येकी दोन कलाकृतींपर्यंत, आणि प्रत्येकीमागे शुल्क. आधी फोटो ऑनलाइन पाठवायचा, त्यातून चाळणी होते, मग प्रत्यक्ष काम मागवतात. प्रवेशिका वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात, म्हणजे या जूनसाठी वेळ गेली. पुढच्यासाठी मात्र जरूर विचार करा. हजारो येतात, त्यामुळे नकार आला तर मनावर घेऊ नका. परदेशातून चित्र आणायचं तर वाहतूक आणि जकात तुमच्या गळ्यात, म्हणून गुंडाळून नेता येईल असं काहीतरी करा.

बघायला जाल तेव्हा एक तयारी ठेवा. आपल्याकडे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्रांना जरा श्वास घ्यायला जागा असते. इथे काही दालनांत जमिनीपासून छतापर्यंत भिंत भरलेली. हजाराहून जास्त कामं, शेजारी नावाची पाटी नाही, फक्त आकडा. हातात एक पुस्तिका देतात, त्यात आकड्यापुढे नाव आणि किंमत. बहुतेक सगळं विकाऊ असतं, विकलं गेलं की लाल टिकली लागते. छापचित्राच्या अनेक प्रती असल्या की त्याखाली टिकल्यांची रांग. मी आधी पुस्तिका न बघता एक दालन फिरते, आवडलेल्यांचे आकडे लिहिते आणि मग किंमत बघते. उलट केलं की डोळे किमतीच्याच मागे धावतात.

शेजाऱ्याचा जाच इथे जुना आहे. १८३२ मध्ये कॉन्स्टेबल या चित्रकाराच्या भल्यामोठ्या, झगमगीत वॉटर्लू पुलाच्या चित्राशेजारी टर्नर या दुसऱ्या चित्रकाराचं करडं समुद्रचित्र लागलं होतं. उद्‌घाटनापूर्वी शेवटचा हात फिरवायची मुभा असे. टर्नर आला, आपल्या समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवून निघून गेला, आणि नंतर त्या ठिपक्याला बोयाचा आकार दिला. सगळ्यांची नजर तिकडेच. कॉन्स्टेबल म्हणाला, हा येऊन बंदूक झाडून गेला. तुम्हाला भिंत कशी बघायची ते शिकवायला नको, पण मुलीला ही गोष्ट दालनातच सांगा.

अंगणात दर उन्हाळ्यात एखादं मोठं शिल्प उभं असतं, ते बघायला पैसे पडत नाहीत. आणि मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर याच अकॅडमीचे सदस्य. २००९ मध्ये त्यांनी याच दालनांत तोफेतून लाल मेण भिंतीवर डागलं होतं. टर्नरला आवडलं असतं.

प्रश्न: नॉटिंग हिल कार्निव्हलला पाच वर्षांच्या नातवाला न्यावं का? जावई नको म्हणतात. आणि आमच्या विसर्जन मिरवणुकीपेक्षा त्यात वेगळं काय? (ठाणे)

न्या, पण रविवारी. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी आणि तिच्या आधीचा रविवार असे कॅरिबियन लोकांच्या या रस्त्यावरच्या उत्सवाचे दोन दिवस. रविवार मुलाबाळांचा. सकाळी लवकर पोचा आणि दुपारी गर्दी दाटायच्या आत निघा. नातवाच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन हवेतच, कारण रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्पीकरच्या भिंती असतात. लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन बंद असतं, काही स्टेशनांतून फक्त बाहेर पडता येतं, तेव्हा जरा लांब उतरून चालत या. स्वच्छतागृहाचं आधी बघून ठेवा. काही रहिवासी स्वतःच्या घरातलं काही पौंडांना वापरू देतात, आणि तो सौदा वाईट नसतो.

जावयांची भीती समजते, पण हा उत्सव भीतीला उत्तर म्हणूनच जन्मला. १९५८ च्या उन्हाळ्यात या भागात कॅरिबियन लोकांवर गोऱ्या टोळक्यांनी हल्ले केले. त्यानंतर त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स या पत्रकार बाईने जानेवारी १९५९ मध्ये, थंडी म्हणून बंद सभागृहात, सेंट पँक्रास टाउन हॉलला कार्निव्हल भरवला. रस्त्यावर तो आला १९६६ मध्ये, राऊन लॅसलेट यांनी मुलांसाठी भरवलेल्या जत्रेतून. रसेल हेंडरसनचा स्टीलबँड वाजवत निघाला आणि लोक मागे चालू लागले.

ते स्टीलचं वाद्य नातवाला जवळून दाखवा. त्रिनिदादमध्ये तेलाच्या पिंपांचे तळ ठोकून ते घडवलं गेलं, आणि त्यातून पूर्ण सप्तक निघतं. त्याच त्रिनिदादमध्ये उत्तर हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांनी नेलेला ताशा आजही वाजतो. तेव्हा फार वेगळं समजू नका. वेगळं म्हणाल तर दोन्ही दिवस दुपारी तीनला सगळं थांबतं, बहात्तर सेकंद. २०१७ मध्ये जवळच ग्रेनफेल टॉवर जळाला, बहात्तर माणसं गेली, त्यांच्यासाठी. तेव्हा नातवाला आधीच समजावून ठेवा. आणि संध्याकाळी सातला स्पीकर बंद. म्हणजे बंद.

प्रश्न: मी विद्यार्थी, वर्षभराच्या अभ्यासक्रमाला आलोय. खिसा रिकामा. काय करू?

तुझ्यासाठी तर लंडनचा उन्हाळा आहे. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरच्या अंगणात उभं राहून नाटक पाच ते दहा पौंडांच्या घरात बघता येतं. खाली बसू देत नाहीत, तीन तासांची तयारी ठेव. सर्पेंटाइन कलादालनाच्या बागेत २००० पासून बहुतेक दर उन्हाळ्यात एका नव्या वास्तुरचनाकाराचा तात्पुरता मंडप उभारतात, प्रवेश फुकट. पहिला झाहा हदीदचा होता, २०२५ चा बांगलादेशच्या मरीना तबस्सुमचा. तिथून चालत अल्बर्ट हॉल. दुपारी मंडप, संध्याकाळी आठ पौंडांचा प्रॉम, जेवण घरून डब्यात. शुक्रवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि नेहमीच्या दालनांना तिकीट नाही.

प्रश्न: साडी चालेल का? आणि छत्री?

साडी कुठेही चालेल, प्रॉम्सला तर लोक हाफ पँटमध्ये येतात. छत्री मात्र ग्लोबच्या अंगणात उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून. टोपीचा रेनकोट घ्या, पावसात नाटक थांबत नाही.