गोळे कशाचे आहेत?

"मॅडम, मीच जास्त मनाला लावून घेते का?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या नोकरदार मुलींचा हा ठरलेला प्रश्न. सना (नाव बदललं आहे) तोच घेऊन आली. वय २८, घर नागपुरात जाफरनगरला, धरमपेठेतल्या एका सीएच्या ऑफिसात चार वर्षं नोकरी. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा. डबा जिन्यात बसून खायचा.

जिन्याचं कारण गोळाभात. आईने हरभरा डाळीच्या भरड्याचे गोळे घालून, वरून गरम तेलाची फोडणी ओतून दिलेला. शेजारच्या टेबलावरचे सर, जन्म नागपूरच्याच महाल भागातला, डब्यात डोकावून म्हणाले, "गोळे कशाचे आहेत?" नागपूरच्या माणसाने गोळाभाताला हे विचारावं! हेच सर शनिवारी सावजीचा रस्सा नाक गळेस्तोवर ओरपतात; तेव्हा त्यांना कोणी काही विचारत नाही.

"वाईट कोणीच बोलत नाही हो," ती म्हणाली. अडचण तीच आहे. शिवीशी भांडता येतं, कौतुकाशी कसं भांडणार? अमेरिकेत कृष्णवर्णीयांना रोज सोसाव्या लागणाऱ्या अशा बारीक अपमानांना चेस्टर पिअर्स या मनोविकारतज्ज्ञाने १९७० साली 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' असं नाव दिलं. आमच्याकडे त्याला "मजाक करून राहिलो ना" म्हणतात.

मी तिला वही ठेवायला सांगितली. तारीख, वेळ, कोण बोललं, नेमके शब्द, हजर कोण होतं. ती पडली अकाउंटंट. दोन आठवड्यांनी रकाने आखूनच आली: कौतुक, काळजी, बिर्याणी.

कौतुक: "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." काळजी: "घरचे नोकरी करू देतात?" (तिच्या पगारावर धाकट्या भावाचं पॉलिटेक्निक चालू आहे.) बिर्याणी: अकरा वेळा मागणी, शिवाय मागची थकबाकी म्हणून मोहरमच्या सुट्टीनंतरचं "हॅपी मोहरम! बिर्याणी कुठाय?"

पहिली नोंद माझ्या नावावर होती. पहिल्याच भेटीत मी म्हणाले होते, "मराठी किती छान बोलतेस!" दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला. रकाना: कौतुक. मी माफी मागितली. तिने नोंद खोडली मात्र नाही.

शेवटच्या पानावर पेन्सिलीने चौथा रकाना होता: क्लायंट. बुटीबोरीच्या ऑडिटला तीनदा तिच्याऐवजी तिला ज्युनिअर असलेला मुलगा गेला होता. "तिकडचे लोक जुन्या विचारांचे आहेत, तुलाच अवघड जाईल." इथे मी हसणं थांबवलं. डबा कुठे खायचा ते तिने ठरवावं. पण या रकान्यात तिची बढती अडकली होती. संविधानाचं कलम १६ धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं. खाजगी ऑफिसात त्याचा थेट आधार नाही. म्हणून आधी तिला दुसरीकडे दोन ठिकाणी अर्ज करून ठेवायला लावलं, मग दोन ओळींचा मेल लिहिला: 'बुटीबोरीच्या कामातून मला वगळण्याचं कारण कृपया लेखी कळवावं.' त्यात आरोप नव्हता की विशेषण नव्हतं. 'दुखावले' हा शब्द तिने घातला होता, तोही मी काढायला लावला.

उत्तर तोंडी आलं: "अगं, सरळ बोलायचं ना!"

"लेखीच बरं, सर."

नऊ दिवसांनी बुटीबोरीची फाइल तिच्या टेबलावर आली. कारण आलं नाही ते नाहीच.

जुन्या विचारांच्या त्या क्लायंटने चहा मागवला आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" तिने सांगितलं. तो जरा थांबला. मग म्हणाला, "बरं, जीएसटीचा रिफंड कधीपर्यंत येईन?"

तो थांबला ती नोंद कुठल्या रकान्यात टाकायची, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.